माती आणि गाळ : एका न मांडलेल्या हिशेबाचा इतिहास

मराठीत एकाच पदार्थाला दोन नावे आहेत. शेतात असेपर्यंत आपण तिला माती म्हणतो. ओढ्यात, तलावात किंवा धरणात पोचली की तोच पदार्थ गाळ होतो. भाषेतील हा भेद आपल्या प्रशासनातही जसाच्या तसा उतरला आहे. माती कृषी खात्याची, गाळ पाटबंधारे खात्याचा. शेताच्या उतारापासून जलाशयाच्या तळापर्यंतचा जो प्रवास आहे, त्याला मात्र कोणी धनी नाही. जमिनीच्या धुपेचा आपल्याकडील इतिहास पुष्कळ अंशी या बेवारस प्रवासाचा इतिहास आहे, आणि तोच या लेखात थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

मी सध्या भिलाईच्या सेक्टर २ मध्ये राहतो. पोलाद कारखान्याच्या या वसाहतीला आणि कारखान्याला लागणारे पाणी प्रामुख्याने तांदुळा जलाशयाच्या कालव्यातून आणि पुढे महानदीवरील गंगरेलच्या जलाशयातून मरोद्याच्या तलावांत येते. म्हणजे आमच्या नळाचे पाणी बालोद आणि धमतरीकडच्या शेतांवर व जंगलांवर पडलेल्या पावसाचे असते. जवळच दुर्गला शिवनाथ नदी आहे. महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या डोंगराळ मुलखात तिचा उगम आहे. राजनांदगाव आणि दुर्गचे मैदान ओलांडून ती शिवरीनारायणजवळ महानदीला मिळते, आणि हे सारे पाणी पुढे ओडिशातील हिराकुड जलाशयात जाते. जुलै महिन्यात दुर्गच्या पुलावरून पाहिले तर शिवनाथेचे पाणी दाट चहासारखे दिसते. हा रंग म्हणजे कोणाच्या तरी शेताचा वरचा थर असतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना हा मुलूख अगदीच परका नसावा. १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. त्यानंतर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग, रायपूर, भंडारा आणि चांदा हे जिल्हे एकाच प्रांतात होते, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे येथील जमीन, तलाव आणि महसूल यांचा इतिहास पूर्व विदर्भाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यातील बराच भाग दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

जमिनीची उतरंड

छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीचे चार प्रकार मानतो. सर्वांत उंचावर भाठा, म्हणजे मुरमाड, तांबूस, उथळ जमीन. तिच्याखाली पिवळसर मटासी. त्यानंतर डोरसा, आणि सखल भागात काळी, चिकण कन्हार. हे वर्गीकरण कोणत्याही प्रयोगशाळेने केलेले नाही; पण त्यात धुपेचे संपूर्ण शास्त्र सामावलेले आहे. भाठ्यावरून शेकडो वर्षे जे वाहून आले तेच खाली साचून खालच्या जमिनी सकस झाल्या. म्हणजे धूप ही काही केवळ आधुनिक आपत्ती नव्हे. निसर्गात ती सदैव चालू असते. झाडोरा शाबूत असेपर्यंत तिचा वेग आणि नवी माती तयार होण्याचा वेग यांचा मेळ बसतो. झाडोरा गेला, उतारावर नांगर फिरला, गुरांनी पडीक जमीन उघडी केली, की हा मेळ मोडतो.

येथे वर्षाकाठी साधारण बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उघड्या जमिनीवर पडणारा प्रत्येक टपोरा थेंब मातीचे कण मोकळे करतो आणि वाहते पाणी ते उचलून नेते. सर्वांत आधी जातात ते सर्वांत बारीक कण, आणि शेताची सुपीकता याच बारीक कणांना व त्यांच्याबरोबरच्या सेंद्रिय अंशाला चिकटलेली असते. मागे उरते ती वाळू आणि खडी. कृषिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत हिला सालकाढी धूप म्हणतात. साल निघते म्हणून ती दिसत नाही. ओघळी आणि घळी पडू लागल्या की मगच शेतकऱ्याच्या लक्षात येते, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

या उतरंडीवर भात पिकवणाऱ्या समाजाने फार पूर्वीच एक उत्तर शोधले होते. सखल आणि मध्यम उताराच्या जमिनीला चारी बाजूंनी बांध घालून तिचे चौकोनी खाचर करायचे. भंडारा-गोंदियाकडे त्याला बांधी म्हणतात. बांधीत पाणी थांबते, त्यामुळे पाण्यातील मातीही थांबते. वरच्या बांधीतून जे निसटते ते खालची बांधी अडवते, आणि शेवटच्या बांधीतून जे सुटते ते गावाच्या तलावात पडते. या रचनेचे दुबळे टोक म्हणजे सर्वांत वरचा भाठा आणि जंगलाची कड. तेथे बांधी नाही, आणि गेल्या शतकात सर्वांत जास्त उघडा पडलेला भागही तोच आहे.

तलाव आणि त्याचे मालक

पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारी कागदांत त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि बोलण्यात मामा तलाव. यांतील अनेक तलाव कोहळी समाजाने बांधले. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखालची जमीन देण्याचे धोरण ठेवले होते, अशी परंपरा सांगते. तलाव बांधण्याची ही रीत छत्तीसगडच्या मैदानातही होती, आणि आजही येथील बहुतेक प्रत्येक गावात एकतरी तलाव असतोच.

या तलावांकडे आपण पाणी साठवण्याचे साधन म्हणून पाहतो. पण ते माती अडवण्याचेही साधन होते. शिवारातून सुटलेली माती गावाच्या हद्दीतच थांबत असे. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाचा पोयटा बैलगाड्यांनी पुन्हा शेतांवर जाई. माती आणि गाळ यांचे चक्र गावातच पूर्ण होत होते. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मालगुजाराच्या राज्यात गाळ काढण्याच्या कामात वेठबिगारही होती, आणि तलावाच्या पाण्यावर सर्वांचा हक्क सारखा नव्हता. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते, की तलाव गाळाने भरला तर ज्याचे उत्पन्न बुडत होते, त्याच्याच हातात तो उपसण्याची व्यवस्था होती.

१९५० च्या मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ते अत्यावश्यकच होते. परंतु त्याच कायद्याने हजारो तलाव शासनाकडे आले, आणि त्यांच्या देखभालीची जबाबदारी नेमकी कोणाची हा प्रश्न पुढे दीर्घकाळ रेंगाळला. तलाव महसूल दप्तरात नोंदले गेले. दुरुस्ती बांधकामाच्या किंवा पाटबंधाऱ्याच्या यंत्रणेकडे, पुढे जिल्हा परिषदांकडे गेली. निधी तुटपुंजा राहिला. गाळ साचत गेला. भंडाऱ्यात आणि दुर्गात हे एकाच कायद्याखाली घडले. दोन्ही जिल्हे तेव्हा एकाच राज्यात होते, हे वर आलेच आहे.

जोतीरावांची सूचना

या विषयावर मराठीत सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट लिहिणारा मनुष्य इंजिनीअर नव्हता. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सांगताना जमिनीच्या धुपेचा प्रश्न थेट मांडला आहे. डोंगरावरील झाडपाल्याचे आणि जनावरांच्या मलमूत्राचे सत्त्व पावसाबरोबर शेतात येत असे, ते आता वाहून जाते, आणि सरकारी जंगलखात्याने गायराने बंद केल्याने शेतकऱ्याची आणखी कोंडी झाली आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. उपायही त्यांनी सांगितले. पाणी शेतात मुरून मग ओढ्याला जावे अशा बेताने ताली आणि बंधारे घालावेत. त्या कामी पलटणीतील आणि पोलिसांतील रिकाम्या माणसांचा उपयोग करावा. नदीनाले आणि तलावांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा.

शेवटची सूचना मला विशेष महत्त्वाची वाटते. गाळ ही शेतकऱ्याची माती आहे आणि ती त्याला परत मिळाली पाहिजे, हा विचार तिच्यात गृहीत आहे. सरकारने गाळावर मालकी सांगावी आणि मातीच्या नुकसानीची जबाबदारी मात्र घेऊ नये, ही विसंगती जोतीरावांनी त्या काळात हेरली होती. महाराष्ट्र शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये सुरू केली. या दोहोंमध्ये एकशे चौतीस वर्षांचे अंतर आहे.

बांधबंदिस्तीचा काळ

धुपेसंबंधी भारतातील पहिल्या महत्त्वाच्या कायद्यांपैकी एक पंजाबात झाला. होशियारपूरच्या शिवालिक टेकड्यांवरील जंगल उजाड झाल्याने तेथील पावसाळी ओढे, ज्यांना तिकडे ‘चो’ म्हणतात, खालच्या सुपीक शेतांवर वाळू पसरवू लागले. १९०० च्या कायद्याने टेकड्यांवरील तोडीला आणि चराईला निर्बंध घातले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की नुकसान मैदानातील महसूल देणाऱ्या शेतांचे झाले तेव्हा कायदा झाला, आणि निर्बंध आले ते टेकडीवरच्या गरीब गुराख्यांवर.

मुंबई इलाख्याची वाट थोडी वेगळी होती. डॉ. हॅरोल्ड मान यांनी पिंपळे सौदागर आणि जातेगाव बुद्रुक या पुणे जिल्ह्यातील गावांचा जो अभ्यास १९१७ आणि १९२१ मध्ये प्रसिद्ध केला, त्याने शेतजमिनीचे किती बारीक तुकडे झाले आहेत हे प्रथमच आकड्यांनी दाखवले. पुढे १९३३ पासून सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रावर ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. पावसाबरोबर शेतातून किती पाणी आणि किती माती जाते याचे मोजमाप तेथे झाले. १९४२ मध्ये मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा आला. मंजूर झालेली बांधबंदिस्ती एकेका शेतापुरती न करता सबंध शिवारावर करायची आणि खर्चाचा हिस्सा जमीनधारकांकडून वसूल करायचा, हे त्याचे तत्त्व होते. विजापूर भागातील १९४२-४३ च्या दुष्काळात ही कामे मोठ्या प्रमाणावर निघाली, आणि १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात त्यांचा विस्तार झाला. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने बांध घालणे हे ग्रामीण मजुराच्या हक्काचे काम झाले.

या कामांनी दुष्काळात लाखो लोकांना जगवले हे निर्विवाद आहे. पण मातीच्या दृष्टीने त्यांचे यश संमिश्र राहिले. समपातळी बांध जमिनीच्या उताराला अनुसरून जातो, वहिवाटीच्या हद्दीला अनुसरून नाही. मान यांनी दाखवलेल्या तुकड्यांमधून तो तिरपा गेला, की कोणाच्या शेताचा कोपरा तुटतो, कोणाच्या शेतात पाणी तुंबते. भारी काळ्या जमिनीत तर पाणी मुरायला वेळ लागतो आणि बांधाच्या वरच्या अंगाचे पीक पिवळे पडते. अशा वेळी शेतकरी बांध फोडत असे. शासनाच्या दृष्टीने तो अडाणीपणा होता, शेतकऱ्याच्या दृष्टीने साधा व्यवहार. बांधाचा खर्च आणि तोटा त्याच्या पदरी पडत होता. फायद्याचा मोठा भाग खालच्या शेताला, खालच्या गावाला आणि अखेर खालच्या धरणाला मिळत होता.

हिराकुडचा आकडा

आता महानदीच्या खालच्या अंगाला जाऊ. तिच्यावरील हिराकुड धरण स्वतंत्र भारताच्या पहिल्या बहुउद्देशीय प्रकल्पांपैकी एक. १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते काँक्रीटचे काम सुरू झाले आणि १९५७ च्या जानेवारीत त्यांनीच त्याचे उद्घाटन केले. या प्रकल्पाच्या आखणीत अयोध्यानाथ खोसला यांचा मोठा वाटा होता. जलाशय किती वेगाने भरतात या प्रश्नाचा भारतात पद्धतशीर विचार करणाऱ्या पहिल्या अभियंत्यांपैकी तेच एक होते. १९५३ च्या सुमारास त्यांनी दरवर्षी दर शंभर चौरस मैल पाणलोटामागे ७५ एकर-फूट गाळ हे प्रमाण मांडले, आणि पुढील अनेक धरणांच्या आखणीत ते आधाराला घेतले गेले.

नंतरच्या काळात देशभरच्या जलाशयांची पाहणी झाली तेव्हा अनेक ठिकाणी गाळ येण्याचा वेग आखणीत धरलेल्या वेगाहून बराच जास्त निघाला. हिराकुडची मूळ एकूण साठवण क्षमता ८,१३६ दशलक्ष घनमीटर होती. नंतरच्या सर्वेक्षणांनुसार ती ५,८९६ धरली जाते. म्हणजे सुमारे २,२४० दशलक्ष घनमीटर, किंवा मूळ क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक जागा आता पाण्याची उरलेली नाही. धरणाच्या वरचे पाणलोट क्षेत्र ८३,४०० चौरस किलोमीटर आहे आणि त्यातील बहुतांश आज छत्तीसगडमध्ये आहे. हिराकुडच्या तळाशी पडलेला गाळ म्हणजे दुर्ग, राजनांदगाव, रायपूर, बिलासपूर या मुलखांची माती.

गाळ धरणाच्या तळाशी ठेवलेल्या मृत साठ्यात जाऊन बसतो, म्हणून काळजी नको, असा एक समज प्रचलित आहे. तो पुरता खरा नाही. नदीचे पाणी जलाशयात शिरताच त्याचा वेग मंदावतो आणि जड कण तेथेच, जलाशयाच्या वरच्या टोकाला पडू लागतात. सिंचनासाठी आणि पूर झेलण्यासाठी राखलेली जागाच अशा रीतीने खाल्ली जाते. महानदीचा त्रिभुज प्रदेश पुरापासून वाचवणे हा हिराकुडचा मूळ हेतूंपैकी एक होता. वरच्या शेतातील धूप म्हणजे खालच्या माणसाची पुरापासूनची सुरक्षितता कमी होणे, हा संबंध येथे आकड्यांत दिसतो.

आणखी खाली गेले की प्रश्न उलटा होतो. धरणांत गाळ अडकून राहिल्याने समुद्राकडे जाणारी माती घटते, आणि जो किनारा नदीच्या गाळावर उभा राहिला तो खचू लागतो. ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील सातभाया येथील वस्त्या समुद्राने गिळल्या आणि तेथील लोकांचे बागपतिया येथे पुनर्वसन करावे लागले. समुद्राची वाढती पातळी, वादळे अशी त्याची इतरही कारणे आहेत. पण नदीने आणलेल्या मातीचा पुरवठा कमी होणे हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण मानले जाते. एका टोकाला माती नको तेथे साचते आणि दुसऱ्या टोकाला हवी असून पोचत नाही.

मधल्या ओढ्यांचे काय होते, याकडे तर फारसे कोणी पाहत नाही. जड वाळू आधी ओढ्याच्या पात्रात पडते. पात्र उथळ आणि रुंद होते, पूर काठ कापू लागतो, आणि काठावरची चांगली शेती नदीत जाते. उन्हाळ्यात ज्या डोहांत पाणी टिकत असे, मासे जगत असत आणि गुरे पाण्यावर येत असत, ते डोह भरून जातात. बस्तरमधील बैलाडिला येथे १९६८ पासून लोहखनिजाचे मोठे उत्खनन सुरू झाले. त्या खनिजाच्या बारीक चुऱ्याने शंखिनी नदीचे पाणी लाल झाले आणि काठच्या गावांनी पिण्याचे व शेतीचे पाणी गमावले, याची चर्चा दीर्घकाळ झालेली आहे. तेथे रंगामुळे नुकसान दिसले. शेतातील मातीचा रंग मात्र सर्वांच्या डोळ्यांना सवयीचा असतो.

एक मिलिमीटरचे गणित

धुपेचा देशव्यापी अंदाज प्रथम १९८३ मध्ये व्ही. व्ही. ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी मांडला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे भारतात दरवर्षी सुमारे ५,३३४ दशलक्ष टन माती आपल्या जागेवरून सुटते. म्हणजे हेक्टरी सरासरी १६.३५ टन. यातील सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के जलाशयांत साचते, आणि उरलेली ६१ टक्के एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाऊन पडते. नंतरच्या अभ्यासांत आकडे थोडेफार बदलले असले तरी हे चित्र ढोबळमानाने आजही उपयोगी आहे.

हेक्टरी सोळा टन हे ऐकायला भयंकर वाटते, पण शेतावर ते दिसते किती? एका हेक्टरवरचा एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे दहा घनमीटर, वजनाने सुमारे तेरा टन. अर्थात वर्षाला मिलिमीटरहून थोडे अधिक. शेतकऱ्याच्या एका पिढीत, तीस वर्षांत, साधारण पावणेचार सेंटिमीटर. नांगराची खोली पंधरा सेंटिमीटर धरली तर तिचा चौथा हिस्सा एका पिढीत जातो. कोणत्याही एका वर्षी शेतकऱ्याला नुकसान जाणवत नाही. थोडे खत जास्त घातले की उत्पन्न टिकते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक ओळखीची अडचण दिसते. खताचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नात मोजला जातो, माती गेल्याची घट मोजली जात नाही. मुद्दल खर्च होत आहे आणि खतावणीत केवळ व्याजाची नोंद आहे.

दुसरी अडचण बाह्य परिणामांची. भाठ्यावरील शेतकऱ्याने बांध घातला तर त्याचा फायदा हिराकुडला होतो, पण हिराकुडकडून त्याला काहीच मिळत नाही. त्याने बांध घातला नाही तर नुकसान हिराकुडचे होते, पण त्याचे बिल त्याच्याकडे येत नाही. अशा ठिकाणी बाजार काम करत नाही, शासनाने केले पाहिजे, असे आमची पाठ्यपुस्तके सांगतात. पण शासनही खात्यांत आणि राज्यांत विभागलेले असले तर तीच अडचण सरकारी रूप घेऊन पुन्हा उभी राहते. पाणलोट विकासाच्या खर्चाचा आढावा घेणाऱ्या एका बैठकीला मी काही वर्षांपूर्वी हजर होतो. पुढ्यातील तक्त्यात मंजूर रक्कम, खर्च, उपचारित क्षेत्र आणि मनुष्यदिन असे रकाने होते. खालच्या तलावात येणारा गाळ कमी झाला का, यासाठी रकाना नव्हता, आणि तो असावा असे तेथे कोणाला सुचलेही नाही. दोष कोणा एकाचा नव्हता. तक्ता वर्षानुवर्षे तसाच चालत आला होता.

अमेरिकेत १९३० च्या दशकात मैदानी प्रदेशातील शेतांची धूळ वाऱ्याने उडून वॉशिंग्टनपर्यंत पोचली, आणि १९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला. राजधानीच्या खिडक्यांवर जे साचते त्याची दखल लवकर घेतली जाते. आपल्याकडील धूप मुख्यतः पाण्याने होते, आणि ती माती दूरच्या जलाशयाच्या तळाशी जाऊन बसते.

प्रयत्न आणि त्यांतील दुवा

प्रयत्न झाले नाहीत असे मुळीच नाही. दामोदर खोऱ्यात १९४९ च्या सुमारास धरणांबरोबरच मृदसंधारणाचे काम सुरू झाले. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेत नदीखोरे प्रकल्पांच्या पाणलोटात मृदसंधारण करण्याची केंद्रीय योजना आली, आणि तिच्यात हिराकुडचाही समावेश होता. हनुमंत राव समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर पाणलोट विकासाची नवी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली आणि ‘माथा ते पायथा’ हे सूत्र सर्वत्र रूढ झाले. छत्तीसगड शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात ‘नरवा’ म्हणजे ओढ्यांवरील उपचारांना पहिले स्थान होते. महाराष्ट्रातील २०१७ च्या गाळमुक्त धरण योजनेचा उल्लेख वर आलाच आहे. शासनाने यंत्राचा खर्च सोसायचा आणि शेतकऱ्याने गाळ वाहून न्यायचा, अशी तिची मूळ रचना होती, आणि २०२३ मध्ये ती पुन्हा हाती घेण्यात आली.

यांतील प्रत्येक योजनेत काही ना काही चांगले होते. उणीव आहे ती दुव्याची. नदीतील गाळाचे मोजमाप केंद्रीय जल आयोग करतो. महानदीवर छत्तीसगडच्या बाजूला बसंतपूर आणि ओडिशात टिकरपाडा येथे त्याची मोजणी केंद्रे आहेत. पाणलोट विकास ग्रामीण विकास मंत्रालयाच्या भूसंसाधन विभागाकडे, शेतीतील मृदसंधारण कृषी मंत्रालयाकडे, जंगलाचा उतार वनविभागाकडे, खाण आणखी कोणाकडे. मोजणारा एक, खर्च करणारा दुसरा, नुकसान सोसणारा तिसरा. बसंतपूरचा आकडा आणि राजनांदगावच्या पाणलोट विकासाचा खर्च हे दोन कागद एका टेबलावर आल्याचे मी माझ्या नोकरीत पाहिलेले नाही.

महानदीच्या पाण्यावरून छत्तीसगड आणि ओडिशा यांच्यातील वाद विकोपाला गेला आणि मार्च २०१८ मध्ये लवाद नेमला गेला. या वादाचा गाभा पाण्याच्या वाट्याचा आहे. पण नदीतून वरचे राज्य खालच्या राज्याला केवळ पाणी पाठवीत नाही, मातीही पाठवते. ती पाठवणे वरच्या राज्याच्या शेतकऱ्याचे नुकसान आहे आणि ती स्वीकारणे खालच्या राज्याच्या जलाशयाचे. पाण्याच्या बाबतीत एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याची हानी अशी स्थिती असते. मातीच्या बाबतीत दोघांचे हित एकच आहे. दोन भांडणाऱ्या राज्यांना एकत्र बसवण्यासाठी याहून सोयीचा विषय सापडणे कठीण.

यासाठी काही फार मोठी नवी यंत्रणा लागणार नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक मोठ्या जलाशयाच्या पाणलोटासाठी दर पाच वर्षांनी एक ताळेबंद प्रसिद्ध व्हावा : वर किती खर्च झाला, कोणत्या उपखोऱ्यातून किती गाळ आला, साठवण किती घटली. आकडे बहुतेक उपलब्ध आहेत, ते एकत्र आणायचे आहेत. दुसरी गोष्ट, जलाशयाच्या लाभातील, म्हणजे वीज, औद्योगिक पाणी आणि शहरी पाणीपुरवठा यांच्या आकारातील अल्पसा हिस्सा वरच्या पाणलोटातील भाठ्याची जमीन झाडोऱ्याखाली ठेवणाऱ्या शेतकऱ्याला मिळावा. भिलाईचा कारखाना आणि आम्ही सेक्टरांत राहणारे लोक तांदुळा आणि गंगरेलच्या पाण्याचे लाभार्थी आहोत. तेव्हा हा भार आमच्यावरही पडेल आणि तो पडावा. तिसरी गोष्ट, गावतलावांचा गाळ काढणे हे ठेकेदाराचे काम न राहता दर उन्हाळ्याचे गावाचे काम व्हावे, आणि गाळ नेण्यात अल्पभूधारकाचा क्रम पहिला असावा. ट्रॅक्टर असलेल्याने गाळ न्यावा आणि नसलेल्याने पाहत राहावे, असे झाले तर मालगुजारी संपवून आपण काय मिळवले, असा प्रश्न कोणीही विचारील.

या तिन्हींत सर्वांत सोपी आणि सर्वांत आधी करण्याजोगी गोष्ट पहिली आहे. प्रशासनात जे मोजले जाते त्याची विचारपूस होते. शेताच्या बांधापासून जलाशयापर्यंतच्या प्रवासात दरवर्षी किती माती जाते हे ज्या दिवशी जिल्हाधिकाऱ्याच्या मासिक आढाव्यात पर्जन्यमानाशेजारी लिहिले जाईल, त्या दिवसापासून निदान तिच्याविषयी प्रश्न विचारले जाऊ लागतील. पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरच्या आढाव्यात त्याची सुरुवात करता येईल, आणि त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.